पाचव्या मजल्यावरची तिघं

रोज सकाळी आठला इदाल्मिस तेर्री ही तरुणी कारखान्याच्या वरच्या दालनात, चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसायची आणि सिगार वळणाऱ्या चाळीस माणसांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. आधी बातम्या, मग बेसबॉल, जेवणानंतर कादंबरी. हात कामात गुंतलेले आणि कान मोकळे, म्हणून हवानाच्या सिगार कारखान्यांत वाचक असतो. त्याला साहेब नेमत नाही, कामगार मतं देऊन निवडतात. इदाल्मिसला एकोणतीस मतं पडली होती. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

वाचन आवडलं की कामगार आपली चावेता, म्हणजे तंबाखूचं पान कापायचं अर्धगोल पोलादी पातं, समोरच्या पाटावर टकटक वाजवायचे. नाही आवडलं की तीच पाती फरशीवर टाकायचे. तो खणखणाट ऐकण्यापेक्षा कुणी तोंडावर चार शब्द सुनावलेले परवडले, असं इदाल्मिसला वाटे.

चारला सुटून, खचाखच भरलेल्या बसमधून ती शहराच्या कडेच्या अलामार वस्तीत परतली की तिचा दुसरा कारभार सुरू व्हायचा. अलामारच्या पाच मजली इमारती सगळ्या एका साच्यातल्या, आणि पंपाचं पाणी वर चढायचंच नाही, ते तळच्या नळावरून बादल्यांनी आणावं लागायचं. पाचव्यावर इदाल्मिस आईबरोबर राहायची. समोरच्या दारात ओस्निएल दुआर्ते होता. हा फ्रिज दुरुस्त करायचा, बोलायचा कमी, आणि कुठलंही बिघडलेलं यंत्र बघितलं की त्याचे हात शिवशिवायचे. पलीकडच्या जिन्याला, पाचव्यावरच, लिसार्दो, शाळेत कसरतीचा मास्तर. उंचीला सहा फूट, आणि जीभ तर त्याहून लांब. या तिघांनी रॅपचा गट काढला आणि नाव ठेवलं 'पाचवा मजला'. नावासाठी फार डोकं खाजवावं लागलं नाही.

शब्द इदाल्मिसचे आणि लिसार्दोचे, संगीत ओस्निएलचं. संगीत म्हणजे काय, तर गच्चीवर कपड्यांच्या हँगरची अँटेना लावून मायामीच्या रेडिओवरून टिपलेले अमेरिकन ताल. दोन कॅसेटींच्या टेपवर तोच तुकडा थांबवत, पुन्हा टिपत, ओस्निएल तासन्‌तास जोडत बसायचा.

सत्त्याण्णवच्या ऑगस्टात अलामारच्या खुल्या रंगमंचावर महोत्सव होता. हजारो पोरं पायऱ्यांवर दाटीनं बसलेली. 'पाचवा मजला'ची टेप सुरू झाली आणि पहिल्याच ठोक्याला हशा उसळला. आधीच्या गटानं तोच अमेरिकन ताल वाजवला होता. खालून कुणीतरी ओरडलं, "कालच्या घेवड्याला परत फोडणी दिली काय रे?" लिसार्दोनं दोन कडवी नेटानं म्हटली, पण लोक ऐकतच नव्हते. इदाल्मिसचे शब्द तर तिच्या स्वतःच्याच कानापर्यंत पोचले नाहीत.

घरी जाताना ओस्निएल एवढंच म्हणाला, की यापुढे उसना ताल नाही. स्वतःचा आणायचा कुठून हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं.

इदाल्मिसला वेगळंच खात होतं. ताल उसना होता हे खरं, पण शब्दांनी लोकांना धरून ठेवायला हवं होतं. तिला तपासून घ्यायचं होतं. एका सोमवारी कागदाच्या टंचाईमुळे वर्तमानपत्र आलंच नाही. ती खुर्चीत बसली, पिशवीतली वही काढली आणि कुणाला न विचारता आपलं गाणं वाचू लागली. आम्ही चढतो, आम्ही लढतो, आम्ही थांबत नाही, असं ते गाणं होतं.

सहावी ओळ संपायच्या आत तिसऱ्या रांगेतून एक चावेता फरशीवर पडली. ती बेनिग्नाची होती. बेनिग्ना साठीला टेकलेली, चाळीस वर्षं सिगार वळणारी, आणि आख्ख्या दालनात तिच्या शब्दाला वजन.

"पोरी, हे आम्ही आम्ही म्हणजे कोण?" तिनं बसल्या जागेवरून विचारलं.

"आम्ही म्हणजे... अलामारची माणसं, मावशी."

"तुझ्या घरी पाणी कोण चढवतं?"

"आई. मी कामावर असते ना."

"मग ती कुठाय यात? सहा ओळी झाल्या, बाईचा पत्ता नाही. जा, नीट लिहून आण. आणि आता कादंबरी वाच, काल तो माणूस दारात उभा राहिला होता, त्याचं काय झालं?"

सगळे हसले. इदाल्मिसनं खाली मान घालून कादंबरी उघडली. त्या संध्याकाळी आई बादल्या घेऊन वर येत असताना ती मुद्दाम जिन्यात बसून राहिली. आई प्रत्येक मजल्यावर कुठला हात बदलते, कुठे भिंतीला टेकते, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईशी दम लागल्याचं लपवायला कशी गप्पा काढते, हे तिनं जन्मात पहिल्यांदा नीट पाहिलं. आठ दिवसांनी तिनं पुन्हा वही काढली.

"पाण्याला पाय नाहीत, ते जिना चढत नाही,
माझ्या आईचा गुडघा कुणी यादीत मांडत नाही..."

ती वाचत गेली तसे पानं वळणारे हात मंदावले. वाचन संपलं. मग बेनिग्नानं चावेता उचलली आणि पाटावर ठोकली. पाठोपाठ तिची रांग, आणि मग सगळं दालन. चाळीस पाती एका लयीत वाजायला लागली. इदाल्मिसनं टकटक आधीही ऐकली होती, पण स्वतःच्या शब्दांना ती पहिल्यांदा मिळत होती. तिला डोळे पुसायला रुमाल सापडेना.

हे तिनं घरी सांगितलं तेव्हा आई नुसती हसली. ओस्निएल मात्र उभाच राहिला. चाळीस पाती लाकडावर कशी वाजतात, आवाज कोरडा असतो का घुमतो, मागच्या रांगा पुढच्यांपेक्षा उशिरा येतात का, असं खोदून खोदून त्यानं विचारलं. पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या घरचा फ्रिज दुरुस्त झाला आणि ओस्निएलला दालनात टेप न्यायची परवानगी मिळाली. कामगारांना त्याची गंमत वाटली. या न बोलणाऱ्या माणसानं हातवारे करून त्यांच्याकडून दुपारभर वाजवून घेतलं: नुसती पहिली रांग, नुसत्या बायका, मग सगळे, मग एकटी बेनिग्ना. "चाळीस वर्षांत मला असं कुणी नाचवलं नव्हतं," असं ती नंतर सांगत सुटली.

पुढच्या ऑगस्टात त्याच रंगमंचावर तो ताल वाजला. आधी एक पातं, मग दहा, मग चाळीस. पायऱ्यांवरच्या पोरांना तो कशाचा आवाज आहे ते कळेना, पण ज्यांच्या घरी कुणी सिगार वळत होतं ते उठून उभे राहिले. "पाण्याला पाय नाहीत" ही ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा लोकच ती म्हणत होते. त्या वर्षीचं पहिलं बक्षीस 'पाचवा मजला'ला मिळालं. कॅसेटवरून कॅसेट होत ते गाणं बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सांतियागोपर्यंत गेलं. अलामारच्या बसमध्ये ड्रायव्हरनं ते लावलं की लिसार्दो उभ्या उभ्या मान लववून लोकांचे नमस्कार घ्यायचा, आणि इदाल्मिस लाजून खिडकीबाहेर बघायची.

त्याच हिवाळ्यात एका शनिवारी शहराच्या मध्यभागी कार्यक्रम होता. लिसार्दो आणि ओस्निएल समुद्राकाठच्या रस्त्यानं चालत निघाले होते. कोपऱ्यावर शिपायानं लिसार्दोला अडवून ओळखपत्र मागितलं. ओस्निएल रंगानं उजळ. त्याला काही विचारलं नाही. लिसार्दो काळा. त्याला आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं होतं. त्यानं नेहमीसारखा एक विनोद केला, आणि शिपायाला तो विनोद आवडला नाही. तीन तास त्याला चौकीत बसवून ठेवलं. कार्यक्रम इदाल्मिसनं एकटीनं ओढून नेला.

परत आल्यावर लिसार्दो दोन दिवस वही घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं गाणं आणलं. त्यात ना आरडाओरडा होता, ना शिवीगाळ.

"काल बघितलंस कार्ड, आज पुन्हा बघतोस,
चेहरा तोच आहे दादा, तू काय शोधतोस?"

सांस्कृतिक कार्यालयातल्या साहेबांनी तिघांना बोलावलं, टंचाईमुळे वाटाण्यांची पूड मिसळलेली कॉफी पाजली आणि गाणं फार छान लिहिलंय म्हणाले. तेवढं एक मंचावर नको, बाकी सगळं म्हणा. लिसार्दोनं कॉफीबद्दल आभार मानले. रविवारी त्यांनी ते गाणं मंचावर म्हटलं.

मग कुणी रागावलं नाही, कुणी पत्र पाठवलं नाही. फक्त ज्या सभागृहात विचारावं तिथे रंगकाम चाललेलं असायचं, किंवा ध्वनिक्षेपक नादुरुस्त असायचा, किंवा यादी नुकतीच पुरी झालेली असायची. असे आठ महिने गेले. ओस्निएल फ्रिज दुरुस्त करत राहिला. लिसार्दो मात्र आतून झिजत चालला. मंच हे त्याचं अन्नपाणी होतं.

त्या सुमारास स्पेनचा एक निर्माता आला. त्याला दोन आवाज हवे होते, इदाल्मिसचा आणि लिसार्दोचा. ती टकटक नको, तिकडे चांगले वादक आहेत, असं तो म्हणाला. इदाल्मिसनं जागच्या जागी नकार दिला. आईला टाकून ती जाणार नव्हतीच. पण टकटक नको म्हणणाऱ्या माणसाला गाणं ऐकूच आलेलं नाही, असं तिचं मत झालं. लिसार्दोनं विचार करतो म्हणून सांगितलं.

चार दिवसांनी तो तिला जिन्यात भेटला. तिच्या हातातल्या बादल्या त्यानं घेतल्या.

"मी जातोय," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. चार दिवसांत तू कुणाची टिंगल केली नाहीस."

"चिडलीस?"

"चिडलेय. पण तू इथे राहून सुकत चाललायस तेही बघवत नाही मला." ती एक पायरी वर चढली. "ओस्निएलला सांगितलंस?"

"तू सांग ना."

"मी नाही सांगणार, लिसार्दो. त्याच्या दारात तूच जायचं."

तो गेला. तासाभरानं बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि हातात एक कॅसेट होती. चाळीस पात्यांच्या मूळ टेपची ती एकुलती नक्कल ओस्निएलनं त्याला देऊन टाकली होती.

लिसार्दो गेल्यावर महिनाभरात कारखान्यात सूचना लागली. वाचकाबद्दल काही तक्रारी आल्या आहेत, सबब निवडणूक पुन्हा घ्यावी. तक्रारी कुणाच्या ते लिहिलं नव्हतं. समोर उमेदवार म्हणून एक गृहस्थ आले. रेडिओवर काम केलेले, घुमणारा आवाज, उच्चार तर काचेसारखे. दोघांना वीस-वीस मिनिटं वाचायला दिली. गृहस्थांनी वाचलेलं प्रकरण इदाल्मिसलाही आवडलं.

तिची पाळी आली. जायच्या आधी बेनिग्ना तिच्या कानाशी म्हणाली होती, "दया म्हणून मत मागू नकोस. मी तरी देणार नाही." इदाल्मिसनं बातम्या वाचल्या, बेसबॉल वाचला, आणि उरलेल्या पाच मिनिटांत ओळखपत्राचं गाणं वाचलं. ताल नाही, हातवारे नाहीत, बातमी वाचावी तसं.

कुणी चावेता वाजवली नाही. कुणी टाकलीही नाही. शेवटच्या रांगेत उल्पियानो उभा राहिला. जुना माणूस, सरळ स्वभावाचा.

"माझा मुलगा पोलिसात आहे," तो म्हणाला. "त्याला काय म्हणायचंय तुला?"

इदाल्मिसनं वही मिटली. "जे वाचलं तेच, काका. दादा म्हटलंय त्याला गाण्यात. दुसरं काही म्हणायचं असतं तर तेही म्हणता आलं असतं."

"त्यानंही ऐकायला हवं हे," असं म्हणून उल्पियानो खाली बसला.

चिठ्ठ्या टोपीत जमा केल्या. व्यवस्थापकानं दोनदा मोजल्या आणि आकडा जाहीर केला. इदाल्मिसला चौतीस मतं पडली होती, आधीपेक्षा पाच जास्त. ती दुसऱ्या दिवशी आठला खुर्चीत बसली तेव्हा कुणी भाषण केलं नाही. काल कादंबरीत कुठवर आलो होतो, एवढं विचारलं.

दीड वर्षानं, का ते न सांगता, मंच पुन्हा मिळू लागला. तोवर इदाल्मिस आणि ओस्निएलनं खिडक्यांना गाद्या लावून नऊ गाणी घरीच ध्वनिमुद्रित केली होती. प्रत्येक गाण्यात ओस्निएलनं सोळा ठोके मोकळे ठेवले होते. ते कुणासाठी, हे इदाल्मिसला विचारावं लागलं नाही. निर्मात्याची तबकडी तिकडे चालली नव्हती, आणि लिसार्दो स्पेनमधल्या सारागोसात एका गोदामात माल चढवत होता. त्याला गाण्यांच्या शब्दांसकट पत्र गेलं. सुट्टीवर येणाऱ्या एका नर्सच्या सामानातून त्याची कॅसेट आली. नऊही गाण्यांची कडवी त्याच मूळ टकटकीवर म्हटलेली, आणि मधे मधे थंडीला शिव्या. ओस्निएलनं शिव्या काढल्या नाहीत.

दोन हजार एकच्या ऑगस्टात, उतरत्या उन्हात, ती गाणी अलामारच्या मंचावर झाली. पहिल्या रांगेत इदाल्मिसची आई आणि बेनिग्ना एकाच छत्रीखाली बसल्या होत्या. लिसार्दोचा तुकडा आला की इदाल्मिस दोन पावलं बाजूला सरकायची आणि मंचाचा मधला भाग मोकळा सोडायची. त्याचा आवाज भोंग्यातून यायचा. त्याच्या विनोदांवर लोक हसत होते, त्याच्या ओळी तोंडानं पुऱ्या करत होते. पाचव्या गाण्यात टेपच्या बटणावर ओस्निएलचं बोट चुकलं आणि लिसार्दोचं कडवं दोनदा वाजलं. ओस्निएलनं कपाळावर हात मारला. पण लोकांनी तेही पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं.