गोठ्यातला गिअरबॉक्स

मित्रांनो, ज्या वैशाखात आबासाहेब देशमुखांच्या धाकट्या लेकीचं, कावेरीचं, लग्न झालं, त्याच वैशाखात मी देवगाव फाट्याजवळच्या एका गावात आलो. मोठी लढाई संपून वर्ष होत आलं होतं. फौजेच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या होत्या. आबासाहेबांनी त्यातली एक लॉरी उचलली आणि लेकीला तिच्यातूनच सासरी धाडलं. गावानं त्या दिवशी नवरी कमी आणि लॉरी जास्त पाहिली.

मी त्या लॉरीचा गिअरबॉक्स. म्हणजे इंजिनाची ताकद चाकांना वाटून देणारी लोखंडी पेटी. आज मी गोठ्याच्या कोपऱ्यात पडलो आहे. अंगावर गंज आहे आणि त्या गंजावर कोंबड्या बसतात. पण एके काळी माझ्या जोरावर ती लॉरी चारही चाकांनी चिखल तुडवत जायची.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तिथे माझा एकेक दात घासून चकचकीत केला. नंतर आसामच्या जंगलात मी तोफा ओढल्या. तिथे माणसं मरत होती, पण मला तेल वेळेवर मिळत होतं. माझं दुखणं सुरू झालं ते शांततेच्या दिवसांत, आबासाहेबांच्या दारात.

आबासाहेबांना शिकारीचा नाद. जिंतूरच्या डोंगरात जिथे बैलगाडी जात नसे, तिथे ते लॉरी घालायचे. दुधना नदीच्या वाळूतून पाहुण्यांना ऐलतीर पैलतीर करून दाखवायचे. लोक तोंडात बोट घालायचे, आबासाहेब मिशीवरून हात फिरवायचे. माझं नाव कोणी घेत नसे. माझ्याकडे बघणारा एकच माणूस होता, भुजंग.

भुजंग मूळचा आबासाहेबांच्या विहिरीवर मोट हाकणारा. हरण्या आणि चंद्या ही मोटेची जोडी त्यानं वासरं असल्यापासून वाढवली होती. मोटेचा बैल म्हणजे नुसता ओढणारा बैल नव्हे. धावेवर, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावर, पुढे जाऊन तो पाण्यानं भरलेली मोट वर आणतो आणि हाळी दिली की तोल सांभाळत उलटा मागे येतो. हरण्याला तर हाळीसुद्धा लागत नसे. लॉरी आल्यावर भुजंगच ड्रायव्हर झाला. मातीत पाठ टेकून तो माझ्या खाली शिरायचा, बूच काढायचा आणि आत बोट घालून तेल बघायचा.

"मालक, पेटीत तेल कमी हाय," तो सांगायचा.

"आरं, हरण्याला रोज पेंड न्हाई अन् ह्या लोखंडाला रोज तेल?" आबासाहेब म्हणायचे. "तुझी बायको तरी घालती का एवढं भाजीत?"

बसलेले लोक हसायचे. भुजंगही कसनुसा हसायचा.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आबासाहेब पाहुण्यांसमोर स्वतः लॉरी चालवायला बसले. दुधनेच्या वाळूत चाकं रुतली. त्यांनी पुढचा गिअर टाकला, मागचा टाकला, परत पुढचा टाकला. मी आतून कोरडा होतो. माझे दात एकमेकांवर आपटले आणि तुटले. असा आवाज झाला की वाळूवरचे बगळे उडाले.

हरण्याचंद्याला जुंपून लॉरी घरी ओढत आणली. पाहुणे बघत होते म्हणून आबासाहेबांना घाई झाली होती. पराणीची आर, म्हणजे काठीचं लोखंडी टोक, ते हरण्याच्या पुठ्ठ्यात टोचत राहिले. घरी येईस्तोवर त्याची मांडी रक्तानं भिजली होती. त्या दिवसापासून हरण्या मागचा पाय ओढू लागला.

माझ्यासारखाच दुसरा गिअरबॉक्स जालन्याला एका मोडक्या लॉरीत सापडला. तो रेल्वेनं सेलूला यायचा होता. लॉरी कारखान्यात न्यायला आबासाहेब तयार नव्हते. देशमुखांची लॉरी दोरीला बांधलेली जगानं बघायची, हे त्यांना सोसणारं नव्हतं. काम दारातच करायचं ठरलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे तालुकदार साहेब शिकारीला येणार होते. तिकडे ब्रिटिश मुलखात स्वातंत्र्य आलं होतं, आमच्याकडे अजून निजामाचा अंमल होता, आणि तालुकदार म्हणजे तेव्हा जिल्ह्याचा राजाच.

"लॉरी साहेबापुढं उभी केलीस तर हा लंगडा हरण्या तुला दिला," आबासाहेबांनी भुजंगाला सगळ्यांदेखत सांगितलं. "न्हाई केलीस तर पोळ्यामागच्या बाजारात सेलूला."

लंगडा, म्हातारा बैल बाजारात कशासाठी विकला जातो, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

भुजंगानं लॉरीच्या दोन्ही बाजूंना लाकडी मेढी, म्हणजे जाड खांब, रोवल्या. वर आडवं लाकूड टाकून त्याला मोटेचं चाक बांधलं. लॉरीच्या तळाच्या फळ्या काढून मोटेचा नाडा, म्हणजे तो जाड दोर, आतून खाली सोडला आणि मला बांधला. दुसरं टोक हरण्याचंद्याच्या जुवाला. बोल्ट सुटले तसा मी दोराला लोंबकळलो. भुजंग खालूनच म्हणाला, "चल मागं, लेकरा."

हरण्या एक पाय ओढत मागे सरला. मी मोटेसारखा अलगद खाली आलो आणि गोणपाटावर टेकलो. मित्रांनो, इतक्या हळुवारपणे मला कारखान्यातसुद्धा कोणी ठेवलं नव्हतं.

पण पावसानं वाट अडवली होती. जालन्याचा गिअरबॉक्स सेलूहून घेऊन येणारी बैलगाडी काळ्या चिखलात फसली. इकडे पोळ्याची आदली संध्याकाळ आली. भुजंग आणि त्याची बायको धुरपताबाई गोठ्यात आले. दोघांनी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळले. धुरपताबाईनं हरण्याच्या जखमेवर हळद जरा जास्तच दाबली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," भुजंग बैलांच्या कानात म्हणाला.

"आता परवापसून हा आपल्या दारात," धुरपताबाई म्हणाली. "म्या खुटा ठोकून ठिवलाय."

"आधी पेटी तर येऊ दी."

पेटी आली ती पोळ्याच्या दिवशी सकाळी. बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून तयार होते. आबासाहेब भुजंगाला म्हणाले, "चल, जू लाव."

"मालक, आज न्हाई. आज त्येंच्या खांद्याला जू नगं. उद्या उजाडायच्या आत बसवून देतो."

"उद्या उजाडता साहेब दारात हाईत. त्येंला काय तुझ्या खांद्यावर नेऊ?"

"काल आवतन दिलंय मालक, मळल्या खांद्यावर आज जू ठिवू कसं? माझा हात जायचा न्हाई."

आबासाहेब त्याच्याकडे बघून हसले. "बरं. पोळा बैलांचा हाय. माणसांचा तर न्हाई ना? लावा माणसं."

चार गडी दोराला लावले. पुढे लिंबाजी. तो अंगानं दणकट होता आणि आदल्या कामात भुजंगाच्या हाताखाली होता. आबासाहेबांनी चंद्याच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून लिंबाजीच्या गळ्यात घातली. "आता कसं शोभायलंय! शिंगंबी रंगवू का रं?"

सगळे हसले. लिंबाजीला मान वर करवेना.

नवा गिअरबॉक्स वर चढू लागला. भुजंग खाली पाठीवर पडून त्याचा दांडा इंजिनाच्या भोकात जुळवत होता. "थोडं वर... थोडं मागं घ्या... मागं." माणसांना मागे येता येईना. दोर एकदम ढिला पडायचा, एकदम ताठ व्हायचा. मी गोणपाटावरून सगळं बघत होतो. तरीही काम जमत आलं होतं. पहिला बोल्ट भुजंगानं बोटांनी लावायला घेतला होता.

तेवढ्यात वेशीकडून हलगी कडाडली. एक माणूस धावत आला. तोरणाखाली सगळ्या गावाचे बैल उभे होते, पण देशमुखांची मानाची जोडी, हरण्याचंद्या नव्हे तर दुसरी, पुढे झाल्याशिवाय पोळा फुटत नसे, म्हणजे बैल तोरणाखालून सुटत नसत. आणि मानाची जोडी धरायची ती लिंबाजीच्या घराण्यानं.

"लिंबाजी, चल! मान चुकायलाय!" आबासाहेब ओरडले.

"मालक, वजन हातात हाय. बोल्ट बसू द्या."

"तिघं धरतेत की."

"मालक, आत भुजंग हाय..."

"हाय तर हाय! पळून जायलाय का?" आबासाहेबांनी त्याच्या गळ्यातली घुंगरमाळ धरली आणि त्याला दोरापासून ओढलं. माळ तुटली, घुंगरं उधळली. मागच्या तिघांच्या तळव्यांतून ओला दोर सर्रकन गेला. त्यांची कातडी दोराला चिकटून राहिली.

आवाज फार मोठा झाला नाही. लोखंड लोखंडावर पडलं असतं तर मोठा झाला असता.

आबासाहेब वाकले. त्यांनी लॉरीखाली बघितलं आणि विचारलं, "फुटली तर न्हाई ना पेटी?"

 मग ते लिंबाजीला आणि मानाच्या जोडीला घेऊन वेशीकडे गेले. थोड्या वेळानं पोळा फुटल्याची आरोळी ऐकू आली.

तिघांनी सोललेल्या हातांनी भुजंगाला बाहेर काढलं आणि गोठ्यात बाजेवर ठेवलं. धुरपताबाई बैलांसाठी पुरणपोळीचं ताट घेऊन येत होती. तिला वाटेत कोणी काही सांगितलं नव्हतं. भुजंगाची छाती एका बाजूनं बसली होती. तोंडातून फेस येत होता.

"हरण्याला चारलंस का?" त्यानं विचारलं.

"चारते. तुमी बोलू नका."

"आधी त्याला चार."

तिनं त्याच्यासमोर हरण्याला पोळी चारली. हरण्यानं ती खाल्ली आणि तिचा हात चाटला. भुजंग ते बघत होता. मग बघता बघता त्याचं बघणं थांबलं. धुरपताबाईला ते कळायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आबासाहेबांनी हरण्याचंद्याला जू लावायला लावलं. आता पोळा संपला होता. लिंबाजी लॉरीखाली शिरला. हरण्या कोणाच्या हाळीची वाट न बघता पुढे गेला, थांबला, हवा तेवढाच मागे आला. गिअरबॉक्स जागेवर बसला. लॉरी सुरू झाली. दुपारी निरोप आला की तालुकदार साहेबांना ताप आहे, शिकार पुढच्या महिन्यात बघू.

भुजंगाचे दिवस होण्याआधीच धुरपताबाई आबासाहेबांच्या ओट्याखाली येऊन उभी राहिली. "मालक, लॉरी उभी ऱ्हायली. हरण्याला न्यायला आले."

"शब्द म्या भुजंगाला दिलता," आबासाहेब म्हणाले. "त्येलाच लाव पाठवून न्यायला."

ती तिथेच उभी राहिली. आबासाहेब पान लावत होते. त्यांनी ते लावून खाल्लं आणि आत गेले.

मला तोवर गोठ्यात टाकलं होतं. मी जागचा हलत नाही म्हणून हरण्याचं दावं माझ्याच तुटक्या दांड्याला बांधायचे. तो माझ्याशेजारी बसायचा, दुखरा पाय माझ्या अंगाला टेकवून. बाजाराच्या सकाळी त्याला त्याच लॉरीत चढवलं. तो वेशीकडच्या भुजंगाच्या घराकडे मान वळवून हंबरला. घर काही दूर नव्हतं. दारात खुटा ठोकलेला होता.

मित्रांनो, मी लोखंड आहे. मला दुखत नाही असं म्हणतात. माझ्यासाठी मागायचं असतं तर मी घोटभर तेल मागितलं असतं, आणि तेही वेळेवर. पण आता माझे दात परत यायचे नाहीत. म्हणून एवढंच सांगतो. कोणाच्या अंगावर वजन टांगलेलं असेल आणि दोर तुमच्या हातात असेल, तर कोणी कितीही मोठ्यानं हाक मारली, कोणाचाही मान चुकत असला, तरी दोर सोडू नका. आणि कोणी दोर धरून उभा असेल तर त्याला हाक मारू नका.

भुजंग निजामाच्या फसली सन तेराशे छप्पन्नच्या, म्हणजे सत्तेचाळीसच्या, पोळ्याला दिवस मावळायच्या आत वारला. हरण्या त्या पोळ्यानंतरच्या सेलूच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मारला गेला. धुरपताबाई त्याच वर्षी, थंडी सुरू होण्याआधी वारली. आबासाहेब पुढे पुष्कळ वर्षं जगले.