शेकडा सत्तर

१९७४ सालातली गोष्ट. सोलापुरातल्या एका छोट्या बँकेचा कॅशियर रेवणसिद्ध देवभोळा, आणि त्याचं सोवळं भलत्याच ठिकाणी जागं व्हायचं. बँक संध्याकाळीही उघडी असे. गुरुवारी दिवेलागणीला नागव्वा शंभर रुपये काढायला आली, तर हा पठ्ठ्या म्हणाला, "दिवे लागल्यावर लक्ष्मी बाहेर काढू नये, मावशी. उद्या या." घरात पाळायची रीत यानं बँकेत पाळली! सकाळपर्यंत सोलापूरभर झालं, बँकेत पैसाच न्हाय.

मॅनेजर गुरुलिंग आला तेव्हा दारात दोनशे माणसं. बँक धडधाकट होती. पण ठेवींतले साठ हजार सरकारी कर्जरोख्यांत अडकलेले, आणि तिजोरीतली रोकड जेमतेम दुपारपर्यंतची. मुंबईच्या दलालाला ट्रंक कॉल लावला. तो म्हणाला, गिऱ्हाईक शोधायला आठ दिवस लागतील. आज पैसे दिले नाहीत तर बँक बुडालीच म्हणायची.

शेवटी त्यानं रोखेच काउंटरवर मांडले. "बघा, सरकारची सही! तुमचा पैसा कुटं जात न्हाय."

भाकऱ्या विकून पै पै साठवणारी नागव्वा पुढं सरली. "आन् सरकार देनार कवा?"

गुरुलिंगाला खोटं बोलता येत नसे. "शहाऐंशी साली."

"बारा वर्सांनी? तवर काय वारा खाऊन ऱ्हायचं?"

रांग दुप्पट झाली. शहाण्यानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

रोखे काखेत मारून तो नवी पेठेत धावला. कापडवाले बसलिंगप्पा कागद उलटून पालटून बघत म्हणाले, "माल सोन्यावानी हाय की. पर सोलापुरात गिऱ्हाईक मी एकटाच. शेकडा सत्तर देतो, शंभराच्या रोख्याला सत्तर."

"आप्पा, निदान नव्वद तरी!"

"मग मुंबईला जावा."

त्यानं विकले. दुसरं करणार काय?

तीन वाजता काउंटरवर नोटांची बंडलं रचली आणि नुसती ती बघूनच निम्मी रांग घरी गेली. गुरुलिंग हिशेबाला बसला. अठरा हजारांचा तोटा. तो सोसायला बँकेची स्वतःची गंगाजळी आणि भागभांडवल मिळून सतरा हजार; वरचे हजार ठेवीदारांचेच बुडाले. सकाळी अफवा खोटी होती; आता त्यानंच ती खरी केली होती.

एवढ्यात दुपारी काढून नेलेले नऊशे रुपये घेऊन नागव्वा परत आली. "ठेवून घ्या, साहेब. मागितला की पैसा मिळतोय, येवढंच बगायचं हुतं."

नको म्हणावं, तर पुन्हा रांग लागणार. गुरुलिंगानं पावती लिहिली. तिच्या तोंडाकडं मात्र त्याला बघवलं नाही.