थांबव, हाक मार, वाट बघ

मित्रांनो, मी दोरी. पिवळी, नायलॉनची, तुमच्या आईच्या करंगळीएवढ्या जाडीची. आता रंग पार विटलाय आणि मधोमध एक काळपट पट्टा पडलाय. तो मळ नाही बरं का. तिथे पुष्कळ हातांनी मला धरलं, त्या हातांची ती खूण आहे.

मी जन्मले होडीसाठी. नवापूरच्या कमलाकांतकाकांनी मला त्यांच्या होडीसाठी विकत आणलं होतं. मी समुद्रावर जायचं, जाळं ओढायचं, अंगावर मीठ वाळवायचं, असं ठरलेलं. पण काका होडी भावाच्या स्वाधीन करून तारापूरच्या एका कारखान्यात दुरुस्तीच्या कामाला लागले होते. तिथे सलाईनच्या नळीला बसवायच्या छोट्या झडपा बनायच्या. लांबच लांब पट्टा सरकायचा आणि दोन्ही बाजूंनी बायका बसून झडपा जोडायच्या, तपासायच्या.

एकदा जपानहून एक खोकं आलं. त्यात एक दिवा होता, एक खटका होता आणि एक पांढरी दोरी होती. पट्ट्याच्या डोक्यावरून ती दोरी बांधायची. कोणालाही काही बिघडलेलं दिसलं की त्याने ती ओढायची. दिवा लागतो, सूर वाजतो, पट्टा थांबतो. पण पांढरी दोरी निम्म्यातच संपली. काका म्हणाले, "थांबा, माझ्याकडे हाय. होडीची दोरी हाय, कवा तुटायची नाय." आणि मी छताला लागले.

त्या दिवशी मला हार घातला होता! मोठे साहेब, दिग्विजय सर, माझ्याखाली उभे राहून म्हणाले, "ही दोरी जो ओढेल, त्याला आधी धन्यवाद. प्रश्न नंतर. हा माझा शब्द." शेजारी जपानहून आलेले मोरिता-सान होते. दुभाषी रूपाली मॅडमनी तो शब्द त्यांना जपानीत सांगितला. मोरिता-सान वाकले आणि त्यांनी मला पहिल्यांदा ओढलं. दिवा लागला. मला वाटलं, समुद्र नाही मिळाला तर नाही, हे काम त्याहून मोठं आहे.

रूपाली मॅडम नांदेडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी बोईसरला आलेल्या. दर गुरुवारी पाळी सुटल्यावर त्या माझ्याच खाली टेबलं जोडून जपानीचा वर्ग घ्यायच्या. नुसती भाषा नाही. तिकडचे लोक कारखाना कसा चालवतात, साहेब आणि कामगार एकमेकांशी कसे वागतात, हे त्यांच्याच पुस्तकातून, त्यांच्याच शब्दांतून शिकायचं. मॅडम म्हणायच्या, "भिंतीवर तक्ते लावून ते येत नाही गं. शब्दाच्या आत शिरावं लागतं."

वर्गाला सहा जणी होत्या. त्यातली हेमांगी माझी लाडकी. काकांच्या वाडीतली, त्यांना काका म्हणणारी. पट्ट्यावरचा धर्मेश तिला चिडवायचा, "काय गं, जपानला बोंबील विकायला जातेस काय?"

"जाईन. आनि तुला वास पन नाय देनार."

एका गुरुवारी मॅडमनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. तोमेरु. योबु. मात्सु. थांबव, हाक मार, वाट बघ. दोरीचा सगळा नियम या तीन शब्दांत होता.

हेमांगीने हात वर केला. "मॅडम, थांबवायचं कळलं. हाक मारायची कळलं. पन वाट कशाला बगायची? मला येत आसंल तर मीच नीट करते ना."

मॅडम हसल्या. "तिसरा शब्द तुझ्यासाठी नाहीच गं हेमांगी. तो साहेबांसाठी आहे. तू हात बांधून वाट बघायचीस, कारण कोणीतरी येणारच. न येण्याची सोयच ठेवलेली नाही. बाकी सगळं या एका शब्दावर उभं आहे."

हेमांगीने तो शब्द वहीत लिहिला आणि त्याच्याभोवती चौकट काढली. मी वरून पाहत होते. मीही तो पाठ केला.

पुढच्याच आठवड्यात तिला एका झडपेवर केसाएवढी चीर दिसली. तिने मला ओढलं. दिवा लागला आणि मिनिटाच्या आत दिग्विजय सर स्वतः धावत आले. म्हणाले, "थँक्यू, हेमांगी. दाखव बरं." साचा तापला होता, तो बदलला. तिचा फोटो फलकावर लागला. तिने तो मोबाईलमध्ये टिपून आईला पाठवला. मित्रांनो, ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची.

मग मोरिता-सान मायदेशी गेले. मागणी वाढली. फोटो होता तिथे एक तक्ता आला. पट्टा किती वेळा थांबला आणि कोणामुळे थांबला, ते त्यावर लाल शाईने लिहायचं. आता कोणी मला ओढलं की सर लांबूनच ओरडायचे, "किसने खींचा?" धन्यवाद गेला, प्रश्न तेवढा राहिला. बायकांचे हात माझ्यापर्यंत यायचे, थबकायचे आणि पदराने घाम पुसून परत खाली जायचे. मी लोंबत राहायचे. ओढा ना गं, असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी काका शिडी घेऊन आले. एकटेच. त्यांनी माझं टोक खटक्यापासून सोडवलं आणि शेजारच्या साध्या आकड्याला पक्की गाठ मारून बांधलं. खालून पाहिलं तर काही कळू नये असं. "सायबानं सांगितलं," ते माझ्याकडे न बघता पुटपुटले. "मी काय करू? पावन्यांसाठी दिसायला पायजे म्हनं, काडायची नाय."

ज्या हातांनी मला टांगलं, त्याच हातांनी मला मुकं केलं.

पावसाळा सरत आला होता. हेमांगीला पाचवा महिना लागला होता. त्या दुपारी तिच्यासमोर चिरलेली झडप आली. मग दुसरी आली, मग तिसरी. तिने मला ओढलं. जोरात, पूर्ण विश्वासाने. आणि हात बांधून उभी राहिली.

दिवा लागला नाही.

तिने वर पाहिलं, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा तर तिने आपला सगळा भार माझ्यावर टाकला. मी ताणले, आकडा करकरला, पण दिव्यापर्यंत माझं काही पोचतच नव्हतं. झडपा पुढे सरकत होत्या. कोणाच्या तरी हाताला, कोणाच्या तरी बाळाला लागणाऱ्या झडपा. शेवटी ती पट्ट्यावर ओणवी झाली आणि दोन्ही हातांनी झडपा गोळा करू लागली. "धर्मेश, पकड रे!" धर्मेशही धावला. तरी पुष्कळ निसटल्या. पुढे बंद झालेली खोकी परत उघडावी लागली आणि चौकशी बसली.

"दोरी ओढलेली सर. तीनदा," हेमांगी म्हणाली.

"ओढली असतीस तर दिवा लागला असता," सर म्हणाले. "दिवा लागला नाही म्हणजे ओढली नाहीस. साधी गोष्ट आहे."

काका तिथेच पान्हा हातात घेऊन उभे होते. हेमांगीने त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी पान्ह्याकडे पाहिलं. तक्त्यावर लाल शाईने तिचं नाव लागलं.

महिन्याने मोरिता-सान पाहणीला आले. मला फडक्याने पुसलं गेलं. सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वर्षभरात ही कोणाला ओढावीच लागली नाही. इतकं काम सुधारलंय." मॅडम जपानीत सांगायला पुढे झाल्या. त्यांना खरं माहीत होतं. गुरुवारच्या वर्गात हेमांगीने रडत सगळं सांगितलं होतं. तरी त्यांनी सरांचं वाक्य शब्दाला शब्द लावून जपानीत सांगितलं. छान, शुद्ध जपानीत.

त्यांच्या हे ध्यानातच आलं नाही की ते वाक्य समजणारं आणखी एक माणूस तिथे बसलंय, आणि त्याला त्यांनीच शिकवलंय.

हेमांगी उठली. शब्द नीट आले. "मोरिता-सान, हिप्पात्ते कुदासाइ." म्हणजे, कृपया ओढा.

"हेमांगी, बस खाली," मॅडम हळूच म्हणाल्या.

मोरिता-साननी मला धरलं. तोच जुना हात. ओढलं. दिवा लागला नाही. मग त्यांनी नियमाप्रमाणे हात बांधले आणि ते वाट बघत उभे राहिले. पट्टा सरकत होता. सर घसा खाकरत होते. कोणी आलं नाही. बऱ्याच वेळाने मोरिता-सान हेमांगीकडे वळले, कमरेतून वाकले आणि म्हणाले, "आरिगातो गोझाइमासु." धन्यवाद.

तुम्हाला वाटेल, मग सगळं चांगलं झालं असेल. दोरीच्या जागी बटणं आली आणि ती चालतात, असं ऐकते. पण हेमांगीचं कंत्राट संपलं, ते पुन्हा केलं नाही. गुरुवारचा वर्गही बंद झाला. मॅडमनी फोन केला होता म्हणे. हेमांगीने तो उचलला नाही.

मला भंगारात टाकणार होते. काकांनी मला गुंडाळलं आणि सालवडला हेमांगीच्या खोलीवर आणलं. तेव्हा तिची रिद्धी महिन्याची होती.

"पोरी, माजं चुकलं," काका दारातूनच म्हणाले.

"तवा एक शब्द बोलला आसतात तर, काका?" ती म्हणाली. काकांनी मला उंबऱ्यावर ठेवलं. ती त्यांना बसा म्हणाली नाही. पण मला तिने ठेवून घेतलं.

आता मी रिद्धीच्या झोळीला बांधलेली आहे. माझं एक टोक झोळीला आणि दुसरं हेमांगीच्या हातात. दुपारी ती एका हाताने मला ओढते आणि दुसऱ्या हाताने जपानीच्या पुस्तकाची पानं उलटते. परीक्षेचा फॉर्म भरलाय तिने. चौकटीतला तो शब्द आला की मात्र तिचा हात थोडा थांबतो.

मित्रांनो, मला रोज पुसू नका, हारही घालू नका. तुमच्या घरात, शाळेत एखादी दोरी टांगाल, "काही झालं तर सांग हं" असं धाकट्याला म्हणाल, तेव्हा तिचं दुसरं टोक सोडू नका. एवढंच मागते.

ही बघा, रिद्धी जागी झाली. झोळी हलायची थांबलीय. तिने एक हाक मारली, आणि आता ती छताकडे बघत वाट बघतेय.

हेमांगीने पुस्तक मिटलं. ती उठली.