लाल फुल्यांची दिनदर्शिका

मित्रांनो, मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलेला हा पिवळा पडलेला कागद दिसतो ना, ती मी. मी एक जुनी दिनदर्शिका आहे. माझी आता अकराच पानं उरली आहेत. बारावं कसं गेलं, ते सांगते.

माझा जन्म कल्याणच्या एका छापखान्यात झाला. डोक्यावर पत्र्याची पट्टी, तिला दोरा आणि पोटात सगळ्या तिथी नि सण. धसईच्या एका भांडीवाल्याने मला कुकरबरोबर फुकट दिलं. तिथून जवळच्याच गावात एका घराच्या माजघरात मला खिळा मिळाला. भिंतीच्या या बाजूला मी आणि पलीकडे पाठची खोली. मी नवी होते तेव्हा माझं फार कौतुक झालं. येईल त्याने माझ्याकडे बोट करून पुढची एकादशी विचारावी.

घरात माणसं चार. गोजराबाई घराची कर्ती. तिचा मुलगा शेखर मुरबाडच्या कंपनीत कामाला. त्याची बायको नम्रता, आणि त्यांची मुलगी वैष्णवी, सातवीत शिकणारी. गोजराबाईला अक्षर येत नव्हतं, पण माझे चौकोन तिला बिनचूक मोजता येत.

ऑगस्टात नम्रताने मुरबाडच्या स्टँडवर एक फलक वाचला. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला हाफ मॅरेथॉन, एकवीस किलोमीटर. शाळेत असताना ती तालुक्यात पहिली यायची. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि त्या चौदा वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं कोणाला आठवत नव्हतं. तिने घरात विचारलं. शेखर जेवत होता. तो म्हणाला, "पळ की. कोण नाय बोलतंय? घरातलं सगळं आटोप नि पळ." या वयात तुझ्या पाठी कुत्रं लागलंय काय, असं गोजराबाईने विचारलं, आणि सगळे पोट धरून हसले. वैष्णवीसुद्धा.

एवढ्यावर परवानगी झाली. नम्रताने माझ्यासमोर उभं राहून सोळा आठवडे मोजले आणि चौकोनांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडे लिहिले. त्या त्या दिवशी पळायचे किलोमीटर: तीन, पाच, आठ, बारा, सोळा. मी फार खूश झाले. माझ्यावर आजवर कोणी असं मन लावून लिहिलं नव्हतं.

मग घरच्यांनी त्या आकड्यांवर आपापलं लिहायला सुरुवात केली. शेखरची फर्स्ट शिफ्ट. गोजराबाईचे डोळे दाखवायला शहापूरला. नणंदेकडची हळद. वैष्णवीची चाचणी. सगळी भातकापणी. नम्रता खोडायची आणि पुढे सरकवायची. लहान आकडे तिने कसेबसे बसवले. शेतावर भाकरी पोहोचवताना जाता-येता तीन किलोमीटर व्हायचे. बारा आणि सोळाला मात्र माझ्यात जागाच उरली नाही.

एकच जागा मोकळी होती. महिन्याचे ते चार दिवस आले, की या घरात बाई चुलीला, पाण्याला, देवाला शिवत नाही. ती पाठच्या खोलीत बाजूला बसते. देवाचं चुकू नये म्हणून गोजराबाई त्या दिवसावर लाल फुली मारायला लावी. नम्रताने मला हात लावायचा नाही, म्हणून ती उंबऱ्याबाहेरून सांगे आणि फुली वैष्णवी मारी. त्या चार दिवसांत नम्रताने पहाटे आपलं अंथरूण धुवायला नदीवर जायचं. तेव्हा तिच्याकडे कोणी बघत नसे. ती अंथरूण दगडावर ठेवायची, शेखरचे जुने बूट चिंध्या कोंबून घालायची आणि वैशाखरे गावाच्या रस्त्याने धावत सुटायची.

पण महिन्यातून एकदा पळून एकवीस किलोमीटर होत नाहीत. सप्टेंबरच्या मध्यावर तिने खोटी फुली सांगितली. मग दर पंधरा दिवसांनी. हल्ली मागंपुढं होतंय, असं ती गोजराबाईला म्हणाली. मला ठाऊक होतं. कागदाला तोंड नसतं ही माझी सबब, पण खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

त्या फुल्यांची किंमत वैष्णवीने भरली, हे मला उशिरा कळलं. आई बाजूला असली की बारा वर्षांची पोर साडेचारला उठून बापाच्या डब्याच्या भाकऱ्या थापायची. बोटं पोळायची, शाळेला उशीर व्हायचा. महिन्यातून चारच्या जागी आठ दिवस. नोव्हेंबरच्या शेवटी एके दिवशी पीठ सापडेना म्हणून ती आईला विचारायला नदीवर गेली. दगडावर कोरडं अंथरूण होतं आणि रस्त्यावरून आई पळत येत होती. लाल झालेली, घामाने निथळणारी आणि हसणारी. आईचा असा चेहरा तिने घरात कधी पाहिला नव्हता. त्याचाच तिला राग आला. तिने परत येऊन माझ्यासमोर आजीला सगळं सांगितलं. कोपऱ्यातले आकडेही वाचून दाखवले.

गोजराबाई ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, शर्यत ह्या कागदावर कोणत्या घरात हाय? वैष्णवीने माझ्या डिसेंबरच्या पानावर बोट ठेवलं. त्यानंतर दोन आठवडे गोजराबाई सुनेशी गोड बोलली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, नम्रताने फुली सांगितली. वैष्णवीने आजीकडे पाहिलं. मार की गो, असं आजी म्हणाली. तिने मारली.

रविवारी पहाटे नम्रताने पाठच्या खोलीचं दार ढकललं. दाराला बाहेरून कडी होती. गोजराबाई आंघोळ करून समोरच पाटावर बसली होती.

"आमच्या सासूच्या टायमाला असंच व्हतं," ती म्हणाली. "चार दिस खोलीतनं हलायचं नाय."

नम्रताने कडी काढायला सांगितलं. एकदा, मग दुसऱ्यांदा.

"फुली खोटी हाय, एवढं बोल. लगेच काढते. मग शेखरला उठवते नि त्याच्यासमोर सांग, दर पंधरा दिसांनी कुठं जात व्हतीस. खरी असंल तर बस."

खोटी म्हटलं तर पुढच्या प्रत्येक महिन्याचे पळायचे चार दिवस हातचे जात होते. खरी म्हटलं तर आजचा रविवार.

"खरी हाय," नम्रता म्हणाली.

"मंग बस," म्हणून गोजराबाईने देवापुढे वात लावली.

सहा वाजले आणि माझा खिळा हलायला लागला. पलीकडे पावलं पडत होती. एका लयीत, जागच्या जागी. आठ पावलांच्या खोलीत नम्रता धावत होती. गोजराबाईने थांब म्हटलं, मग शिव्या घातल्या. पण आत जाऊन तिला धरता येईना, कारण शिवायचं नाही हा नियम तिचाच. शेखर उठला. काय चाललंय म्हणून त्याने विचारलं, आईचं सगळं ऐकलं, आणि मोबाईल घेऊन ओट्यावर जाऊन बसला. वैष्णवी भाकरी थापत राहिली. एक भाकरी काळी झाली तरी तिने तव्यावरून उतरवली नाही. पावणेनऊला पावलं थांबली. काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. कोणी दार उघडलं नाही. ते चौथ्या दिवशीच उघडलं.

त्याच दिवशी गोजराबाईने माझं डिसेंबरचं पान फाडून पाण्याच्या चुलीत घातलं. आता दर महिन्याला कडी असते आणि चार दिवस ती स्वतःच्या बोटांवर मोजते. नम्रता आता कुठेच जात नाही. वैष्णवी आईशी बोलायला बघते. आई उत्तर देते, तेवढंच.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. डब्यांखाली मी बरी आहे. पण तुमच्या भिंतीवर नवं कॅलेंडर लागेल, तेव्हा पेन्सिल आधी आईच्या हातात द्या आणि तिने लिहिलेल्यावर काही लिहू नका. नम्रता धावली का, असं मला विचारू नका. ती धावलीच. कडी कोणी लावली ते विचारा, आणि ती लावलेली असताना घरातले बाकीचे काय करत होते, तेही.