अर्धा अर्धा इंच

बाबा शिंपी, मीही शिंपी. एकाच दुकानात समोरासमोर दोन मशिनी. कुणाची पँट कमरेवर कशी बसली आहे हे मला रस्त्यापलीकडूनही कळतं आणि त्याची मला चांगलीच घमेंड होती. बायको तर मला ऐकवायची, "मामंजी बघा या वयात किती टापटीप. नाहीतर तुम्ही."

बाबांना घेऊन वर्षाच्या तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंचा वजनकाटा दुरुस्तीला गेला होता. त्यांनी मलाच विचारलं, "यांचे कपडे सैल व्हायला लागलेत का?"

"छे हो. अगदी मापात बसतात," मी म्हणालो. बाबा भिंतीकडे बघत होते. बाईंनी पुढचा प्रश्न घेतला.

तीन महिन्यांनी बाबा दुकानातल्या स्टुलावरून उठताना पडले. घसरले नाहीत, कशाला अडखळले नाहीत. पायांनी त्यांना उचललंच नाही. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात सिस्टरने त्यांची पँट कापून काढली आणि माझ्या हातात दिली. सवयीने मी ती उलटी केली. मागची शिवण चार वेळा आत घेतलेली होती, दर खेपेला दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच. मांड्यांच्या शिवणीही तशाच. काम इतकं सुबक की बाहेरून पत्ता लागू नये. मी दुपारी जेवायला घरी जायचो तेव्हाच हे झालं असणार.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी टिपा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"असं का केलंत बाबा?"

"ढगळ पँट घातलेल्या शिंप्याकडे कोण कापड टाकेल?" ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तुझ्या लक्षात येईल असं वाटलं होतं."

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण अंगावर मांस उरलेलं नाही. मांडी भरली नाही तर हे परत स्वतःच्या पायांवर उभे राहणार नाहीत. खाऊ घाला, व्यायाम करून घ्या, दर रविवारी मांडीचं माप लिहून ठेवा.

बाबा समोर येईल ते मुकाट्याने खात होते. दातओठ खाऊन पाय उचलत होते. मी शेजारी बसून आकडे म्हणायचो. मला काहीच वाटत नसे, मशीन चालावी तसा माझा आवाज चालायचा.

सहाव्या रविवारी मी मांडीभोवती टेप गुंडाळली. तेरा इंच. पहिल्या रविवारीही तेराच होती.

"साडेतेरा," मी म्हणालो.

बाबांचे डोळे मिटलेले होते. "टेप ढिली धरलीस," ते म्हणाले. "नीट धर."

मी नीट धरली.

"किती?"

"तेरा."

"मग तेरा लिही."