येते हं

साहेब धाकटीच्या घरी आले ते टॅक्सीच्या मागच्या सीटवरून, ताईची जुनी शाल पांघरून आणि वाटेत एक अक्षरही न बोलता. साहेब म्हणजे पोपट. करडा, लाल शेपटीचा, आणि समोरच्याने काहीतरी चोरलंय अशा नजरेने बघणारा. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिथला तिचा साहेब अशीच मान तिरकी करून बघायचा, म्हणून हे नाव. बिनलग्नाच्या बाईने पोपट पाळला की लोक जे बोलायचं ते बोलतातच. ताईने त्या बोलण्याला कधी भीक घातली नाही.

आता ताई इस्पितळात होती. एका सकाळी तिला श्वास घेता येईना, तेव्हा शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावून तिला स्ट्रेचरवरून खाली नेलं. फुप्फुसं थकली होती. डॉक्टर 'बघू' एवढंच म्हणत आणि बघण्याचं काम नर्सवर सोडून पुढच्या खाटेकडे जात.

पिंजरा पाठच्या बहिणीकडे आला. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी ताईसाठी ती 'धाकटी'च. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर मशीनची घरघर कानात असल्यामुळे ती जरा मोठ्याने बोलायची. एवढं सोडलं तर दोघींचा आवाज इतका सारखा, की फोनवर धाकटीचा नवराही फसायचा.

"त्याला जगव," ताई म्हणाली होती. "मी घरी येईन तेव्हा तो असला पाहिजे. बाकी माझ्यासाठी काही करू नकोस."

जन्मात कुणाकडे काही न मागितलेल्या बाईने मागून मागितलं ते एवढंच. धाकटीचा जीव तिथेच टांगणीला लागला.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. त्याने पिंजऱ्यात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "अगं, हा थेट ताईंसारखाच बघतो माझ्याकडे. मी नापास झालो वाटतं पुन्हा."

धाकटी हसली, पण पोपट काही हसवायला तयार नव्हता. ताईच्या घरी हाच प्राणी बोलून बोलून कान किटवायचा. फोन वाजला की ताईच्याच आवाजात, "थांबा हं, जोडते." सुट्टीच्या दिवशी धाकटी आपल्याकडच्या किल्लीने ताईचं दार उघडायची, की आतून यायचं, "आलीस?" ताई म्हणाली की साहेब, हे कधी कळायचं नाही. धाकटी दोघांनाही मिळून उत्तर द्यायची, "आले गं." तो 'आलीस' ऐकला की तिला आठवडाभराचा शीण उतरल्यासारखं वाटायचं.

इथे मात्र साहेबांनी तोंडाला कुलूप लावलं. सूर्यफुलाच्या बिया तशाच. सफरचंदाची फोड काळी पडली. अक्रोड फोडून समोर धरला, तर पाठ फिरवली. आणि मग एका संध्याकाळी धाकटी कामावरून परतली, तर पिंजऱ्याखाली पिसं. छातीवरची, मऊ, राखी रंगाची. त्याने ती स्वतःच उपटली होती. खाली गुलाबी कातडी दिसत होती, आणि एका जागी रक्त.

पक्ष्यांचा डॉक्टर तरुण होता, भला होता आणि फार बोलायचा. म्हणाला, पिंजरा भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे पाठ सुरक्षित वाटेल. टक लावून बघू नका. जुन्या घरातलं काहीतरी जवळ असू द्या. "आणि मुख्य म्हणजे, घराबाहेर पडताना त्याला सांगून जा. रोज एकच शब्द. तो शब्द झाला की माणूस जातं, पण परत येतं, हे त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे."

धाकटीने सगळं केलं. पिंजरा भिंतीला लावला. ताईची शाल अर्ध्या पिंजऱ्यावर घातली. नवऱ्याला टक लावून बघायची बंदी घातली. आणि निघताना म्हणायचा शब्द काय शोधायचा? तो तर जिभेवर होताच. पायात चप्पल, खांद्याला पर्स, आणि दारातून, "येते हं, साहेब."

संध्याकाळी पिसं.

दुसऱ्या दिवशी तिने जवळ जाऊन, आवाजात होती नव्हती तेवढी माया घालून सांगितलं, "येते हं, बाळा. लगेच येते." संध्याकाळी आणखी पिसं. ती जितक्या प्रेमाने सांगायची तितका तो स्वतःला सोलायचा. आता त्याची छाती बघवत नव्हती. मान आणि डोकं तेवढं साहेबाचं, खाली नुसतं कातडं.

"मी आज घरी होतो ना," नवरा एकदा म्हणाला, "तू दारात असेपर्यंत बरा असतो गं. तू बोलून वळलीस की सुरू. अगदी बटण दाबल्यासारखा."

"मग काय, नोकरी सोडून पिंजऱ्यापुढे बसू?"

"मी कुठे तसं म्हणालो?"

तो खरंच तसं म्हणाला नव्हता. पण धाकटीला कुणावर तरी खेकसायचं होतं, आणि हाताशी तोच होता.

इस्पितळात ताई रोज एकच विचारायची, "खाल्लं का त्याने?"

"खातो की. चोच रिकामी नसते."

ताईने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. सगळी नोकरी तिने कानावर काढली होती. "आवाज पडला बघ तुझा. खरी लाईन जोड."

मग धाकटीचा बांध फुटला. पिसं, रक्त, काळी पडलेली फोड, सगळं तिने सांगून टाकलं. "डॉक्टर म्हणतात तसं रोज सांगून जाते गं. तू काय म्हणायचीस त्याला निघताना?"

"मी? काहीच नाही." ताई थांबत थांबत बोलत होती. "चपलेचा आवाज आला की थयथयाट करायचा. म्हणून चप्पल हातात घेऊन सटकायचे नि जिन्यात घालायचे. सांगितलं ते एकदाच. त्या दिवशी. स्ट्रेचरवरून हात केला नि म्हटलं, येते हं, साहेब."

तोच शब्द. तोच आवाज. ती रोज सकाळी दारात उभी राहून त्या मुक्या जिवासमोर ताईला पुन्हा पुन्हा स्ट्रेचरवरून नेत होती, आणि वर त्याला बाळा म्हणत होती.

तिने आधी ताईची युक्ती केली. चप्पल हातात घेऊन निघाली, तर दाराची कडी खडखडली आणि साहेबांनी अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यावरचे खाली आले. म्हणजे सांगायला तर हवंच. मग 'निघते' म्हणून बघितलं. पण जीभ कसली ऐकते! "निघते, येते हं," असं शेपूट आपोआप लागायचं. लहानपणापासून लागलेलं वळण, ते एका पोपटासाठी कुठे सुटणार? शेवटी तिला एकच शब्द सापडला ज्याला ते शेपूट लागत नव्हतं.

"जाते," ती दारातून म्हणाली.

आत नवरा दाढी करत होता. तो अर्ध्या फेसानिशी बाहेर आला. "अगं, दारात काय अभद्र बोलतेस?"

"पोपटाला कुठे कळतं अभद्र?"

"मला कळतं ना!"

"तुम्ही कान बंद करा."

त्या संध्याकाळी पिंजऱ्याखाली एकच पीस होतं, आणि तेही जुनं असावं. पुढे बियांची टरफलं दिसू लागली. मग एकदा साहेबांनी अक्रोडाचा तुकडा तिच्या बोटांतून असा हिसकावला की बोट चावलं गेलं, आणि धाकटी त्या रक्ताकडे बघून आनंदाने रडली. छातीवर बारीक काळे खुंट फुटू लागले. आवाज मात्र अजून नव्हता.

ताईला तिने सांगितलं, "शब्द बदलला. खातोय आता. खरंच." या वेळी ताईने कान दिला आणि मान डोलावली.

"कुठला शब्द?"

"आहे एक. घरी आलीस की ऐक."

त्या खोलीत तो शब्द काढायची तिची छाती झाली नाही. शेजारच्या खाटेवरची बाई नुकतीच गेली होती आणि गादी अजून गुंडाळलेली होती.

पण घरात तो शब्द रुळला. धाकटी रोज म्हणायची, नवराही कुरकुरत का होईना 'जातो' म्हणायला लागला. एकदा दुकानातून निघतानाही तिच्या तोंडून तेच निघालं आणि मालक म्हणाला, "बाई, राजीनामा देताय की काय?" दोघं हसली. हसण्यावारी गेलं, तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं.

त्या दिवशी ताईला जरा हुशारी वाटत होती. तिने केस विंचरून घेतले. चष्मा पुसून मागितला. त्याच्या काचा धाकटीनेच घासलेल्या होत्या. "साहेबांचे खुंट किती वाढले?" तिने विचारलं, आणि धाकटीने बोटाच्या पेरावर नखाने दाखवलं. मग भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. धाकटी उठली, पर्स खांद्याला लावली, दाराकडे वळली आणि रोजच्या सवयीने, रोजच्या सुरात म्हणाली,

"जाते गं, ताई."

शब्द बाहेर पडला आणि तिला तो ऐकू आला. ती वळली. ताई चष्म्यातून तिच्याकडे बघत होती. मास्कमागे ओठ हलले. ते 'बरं' होतं की 'जा' होतं, की दुसरंच काही, कळलं नाही. धाकटीला वाटलं, धावत जाऊन सांगावं, अगं तो पोपटाचा शब्द आहे, तुझ्यासाठी नाही. पण नर्स दार ओढून घेत होती, मागे माणसं खोळंबली होती, आणि एवढ्याशा गोष्टीचा बाऊ केला तर ताईच्या मनात नसलेलंही भरेल, असं तिने स्वतःला समजावलं. उद्या सांगू. दोघी हसू.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मशीनवर काच चढवलेली होती. मालकाने आत येऊन मशीन बंद केलं, तेव्हाच तिला कळलं. मशीन असं मध्येच तो कधी बंद करत नसे.

पुढचं सगळं नवऱ्याने बघितलं. धाकटी सांगाल तिथे सही करत होती, सांगाल तिथे बसत होती. इस्पितळाने ताईच्या वस्तू एका पिशवीत घालून दिल्या. कंगवा, गाऊन, चष्मा. काचांवर बोटांचे ठसे होते. 'ताईला कळलं असेल का गं ते?' हे ती मनात कुणाला विचारत होती, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. कारण असं काही विचारायचं तर ते ताईलाच विचारायची सवय.

सगळं आटोपून ती पिशवी घेऊन घरी आली. नवरा मागून जिना चढत होता. तिने कुलपात किल्ली फिरवली.

"आलीस?"

ताईचा आवाज. जसाच्या तसा, किंचित नाकातला, शेवटी वर जाणारा. धाकटी उंबऱ्यातच थांबली. नवरा मागच्या पायरीवर थांबला आणि त्याने कठडा घट्ट धरला.

साहेब दांडीवर पुढे सरकून, मान तिरकी करून दाराकडे बघत होते. छातीवरच्या खुंटांतून नवी पिसं डोकावत होती. डॉक्टर म्हणाला होता, जुनं बोलणं बोलू लागला की समजा, घर त्याचं झालं.

"आलीस?"

उत्तर मिळेपर्यंत तो विचारत राहणार होता. ताईच्या घरी त्याला कायम उत्तर मिळालं होतं. धाकटीने पिशवी छातीशी धरली. काल त्या खोलीत परत जाऊन म्हणायला हवा होता तो शब्द तिच्या ओठांवर आला, आणि तो आता इथे, या पोपटाला द्यायचा होता.

"आले गं," ती म्हणाली.

साहेबांचं समाधान झालं. ते वळले आणि बिया फोडू लागले.