अळणी टाकी

मी एक जुनी काचेची टाकी आहे. आठ टाक्यांपैकी खालच्या फळीवरची, एकटीच. माझा डावा कोपरा पाझरतो म्हणून खाली फडकं ठेवलेलं असतं. मित्रांनो, आता बोलायचाही शीण होतो, पण हे एवढं सांगून मोकळी होते.

एका काचकाम करणाऱ्याने पाच काचा चिकटवून मला उभी केली. काकूंनी मला घरी आणलं आणि निळ्या शेपटीचे गप्पी मासे माझ्यात सोडले. लग्नानंतर त्यांनी ते माहेरून दुधाच्या किटलीतून आणले होते. वडिलांची तेवढीच आठवण.

गप्पींमध्ये नर रंगीत, मादी मळकट. दुकानदाराचं एकच पालुपद असे, "काकू, नर द्या. माद्यांकडे गिऱ्हाईक ढुंकूनही बघत नाही."

मग काकूंनी वडिलांचा उपाय काढला. पोटात पिल्लं असलेल्या मादीला आठवडाभर थोड्याशा मधाच्या पाण्यात ठेवायचं. पिल्लं बहुतेक नर निघत. वरच्या सात मधाच्या टाक्यांवर त्यांनी 'गोड' लिहिलं आणि बिनमधाच्या माझ्यावर 'अळणी'. सगळ्या माद्या राहायच्या माझ्यात. दोन विणी गोड, तिसरी अळणी, हा काकूंचा नियम. त्या तिसऱ्या विणीत माझ्याकडे लेकी जन्मत. पाहुणे गोड टाक्यांपुढे "वा, वा" करत आणि मला बघून नाक मुरडत. मला वाईट वाटे. पण लेकी माझ्या होत्या.

एकदा काकू लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने गेल्या. जाताना काकांना बजावलं, "अळणीत मधाचा थेंब नको हं!"

काकांचे गुडघे दुखत. मादीला जाळीत धरून स्टुलावर चढायचं त्यांच्या जिवावर आलं. "मादी मधाकडे नेण्यापेक्षा मधच मादीकडे आणू," असं पुटपुटत त्यांनी माझ्यात मध ओतला. थोडासा नाही, चांगला धारेने. दुसऱ्या दिवशी पाणी पांढरट झालं. माद्या वर येऊन धापा टाकू लागल्या. काकांनी घाईने पाणी बदललं, तरी पाच माद्यांपैकी चौघी पिल्लं देऊन मेल्या.

काकू परतल्या तेव्हा काका दारातच म्हणाले, "अगं, बघ तरी! एकूण एक निळा!"

काकूंनी खांद्यावरची पिशवीही उतरवली नाही. "अहो, आणि यांच्या आया?"

काका गुडघे चोळू लागले.

"नात झाली म्हणून फोनवर नाचत होतात ना? मग इथल्या लेकी कुठे आहेत?"

"गुडघ्यांमुळे कंटाळा केला गं."

"मग मला सांगायचं होतं. बाबांचे मासे संपले की आता."

उरली एक म्हातारी मादी. काका रोज खाली बसून, कण्हत, स्वतः माझं पाणी बदलू लागले. महिन्याने तिने सहाच पिल्लं दिली. मादीच्या पिल्लाच्या पोटाशी काळा ठिपका दिसतो. तो शोधायला काकू रोज सकाळी भिंग घेऊन बसत. पाच पिल्लांना निळी झाक आली. सहावं मळकटच राहिलं.

"हा ठिपका की काचेवरची घाण?" काकांनी विचारलं.

काकूंनी पदराने काच पुसली. ठिपका तिथेच होता.

"अळणीच निघाली हो!" काकू म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, मी थकले आहे. मला कौतुक नको, नवी काच नको. कोपऱ्याला थोडा गोंद लावा. आणि माझ्या पाण्यात गोड काही घालू नका.